झावळ्या कुणी बांधायच्या

आमच्या कल्याणच्या घराच्या तीन भिंतींबद्दल कधी कुणी चकार शब्द काढल्याचे मला आठवत नाही. जे काही बोलणे झाले ते चौथीबद्दल. ती खाडीच्या अंगाला होती. जोते दगडी, त्यावर कच्च्या विटा, वरून शेणामातीचा गिलावा. आमच्या आळीतली बहुतेक घरे तेव्हा अशीच होती. पावसाळ्यात वारा खाडीवरून येई आणि पाऊस उभा न पडता आडवा येई, तो थेट त्या भिंतीवर. म्हणून मृग लागण्याच्या आत तिला बाहेरून झावळ्या बांधाव्या लागत. नारळाच्या झावळ्या भिजवून विणायच्या, बांबूच्या कामट्यांना आवळायच्या आणि वळचणीपासून जोत्यापर्यंत असा आडोसा सोडायचा की भिंतीला थेंब लागू नये. दिवाळीच्या सुमारास तो काढायचा आणि न्हाणीच्या चुलीत घालायचा. दोघांनी मनावर घेतले तर जेवायच्या वेळेपर्यंत उरकावे असे ते काम. ते एका वर्षी झाले नाही. का झाले नाही हे घरात कुणाला ठाऊक नव्हते. मला होते. मी बोललो नाही, आणि न बोलण्याची सवय लागली की माणूस तिच्यातच म्हातारा होतो.

घराचा पुढचा भाग आमचा आणि खाडीकडचा बिऱ्हाडकरूंचा. आगगाडी आली तेव्हापासून कल्याणास बाहेरगावची नोकरदार माणसे बिऱ्हाडे शोधत येऊ लागली होती, आणि तीर्थरूपांनी मागच्या दोन खोल्या व पडवी त्यांच्यासाठी काढून दिली होती. लिहिणे-पुसणे काही नसे. "छप्पर धन्याचं, जमीन बिऱ्हाडाची," एवढे तोंडी सांगितले की करार झाला. म्हणजे कौले चाळणे, वासा बदलणे, वानरांनी फोडलेली कौले पुन्हा बसवणे हे आमच्याकडे. सारवण, चूल, मोरी, मोरीचे पाणी जाण्याचा पाट हे त्यांच्याकडे. विहीर उपसायची ती दोघांनी मिळून. भिंतीला आतून पोतेरे फिरवायचे ते अर्थात आत राहणाऱ्या बाईने. भिंतीच्या बाहेरच्या अंगाचे काय, हे कुणी बोललेच नव्हते. ज्याच्या हाती आधी झावळ्या लागतील तो बांधी. एका साली आमचा गडी बांधून गेला. एका साली त्या वेळच्या बिऱ्हाडकरूचा मेहुणा पाहुणा म्हणून आला होता, त्याने जेवण जिरवण्यासाठी म्हणून बांधल्या. कोणी कोणाचे उपकार मानले नाहीत आणि कोणी मोजलेही नाहीत.

मी सांगतो आहे त्या वर्षी मागे राहणारे गृहस्थ मालधक्क्यावर कारकून होते. नगरकडचे, देशावरचे माणूस. पहिल्या पावसाळ्यात ते ओट्यावर उभे राहून नुसते बघत राहिले होते. "हा थांबतो केव्हा हो?" असे त्यांनी तीर्थरूपांना विचारले, आणि तीर्थरूप म्हणाले, "नवरात्रात." ते हसले, त्यांना ती थट्टा वाटली. त्यांची बायको मात्र खडवलीची. पाऊस म्हणजे काय हे तिला सांगावे लागत नव्हते. तिला मी वहिनी म्हणे. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. मूलबाळ नव्हते. आमची आई गेल्यानंतर घरात बाईमाणूस नाही म्हणून लोणचे, कढण, सणाचे पान असे काही ना काही मधल्या दारातून येई, आणि त्याबरोबर एक टोमणाही येई.

"भावजी, ठाण्याहून काय आणलंत? कायदा आणलात वाटतं. शिजवू का तो?"

मी तेव्हा ठाण्यास एका वकिलाकडे नकला करीत असे. परीक्षेत नापास झालो होतो, आणि तीर्थरूपांनी चार लोकांपुढे "आमचे चिरंजीव अक्षर बरे काढतात" असे म्हणायचे ठेवले होते. त्या वाक्याचा मला फार राग येई. शनिवारी मी घरी येई तो कोर्टातली एखादी गोष्ट बरोबर घेऊन येई, कारण तेवढे एकच माझ्याजवळ होते.

त्या उन्हाळ्यात मी एका खटल्याचे कागद उतरवले. कोणी एक घरवाला बरीच वर्षे भाडेकऱ्याचा पाट आपल्या माणसाकडून साफ करून घेत होता. एका वर्षी त्याने केला नाही. भाडेकरी कोर्टात गेला, आणि निकाल असा झाला की, तू इतकी वर्षे केलेस, ती वहिवाट झाली, आता तुलाच करणे आहे. त्यात आणखीही पुष्कळ होते. पाट कुठून कुठे जातो, जागा कुणाची, सगळे होते. माझ्या डोक्यात राहिले ते एवढेच, की एकदा हात लावला की काम गळ्यात पडते.

घरी आलो तर विहिरीपाशी झावळ्या भिजत घातलेल्या. तीर्थरूप गड्याला कामट्या कुठल्या घ्यायच्या ते सांगत होते.

"बाबा, खाडीकडच्या का?"

"मग काय पुढच्या दाराला बांधू?"

"त्यांचं काम आहे ते."

"कुणाचं?"

"बिऱ्हाडकरूंचं. मागच्या साली आपण बांधल्या. यंदाही बांधल्या की वहिवाट झाली. मग जन्मभर बांधत बसा. न बांधल्या तर तो कोर्टात खेचील."

तीर्थरूपांनी माझ्याकडे नीट पाहिले. "तुझ्या वकिलानं कल्याणचा पाऊस पाहिलाय का रे कधी?" असे म्हणाले खरे, पण आवाजात नेहमीची ती धार नव्हती. मी त्यांना सगळा खटला सांगितला. थोडा वाढवूनच सांगितला. ते ओट्यावर बसून ऐकत राहिले. मग गड्याला म्हणाले, "राहू दे रे. गोठ्याची गव्हाण नीट कर आधी." आणि संध्याकाळी पलीकडच्या घरचे शेजारी आले तेव्हा त्यांना माझ्यादेखत म्हणाले, "आमचा मुलगा म्हणतो, वहिवाट होईल. कोर्टात असतो ना."

त्या एका वाक्यासाठी मी काय वाटेल ते केले असते. केलेच म्हणायचे.

एवढ्यावर थांबलो असतो तर बिऱ्हाडकरूंनी दोन दिवस वाट पाहून स्वतःच झावळ्या बांधल्या असत्या. पण दुसऱ्या दिवशी रविवार. मालधक्क्याचे गृहस्थ मला पारनाक्यावर भेटले. बरोबर चालू लागले. म्हणाले, "अहो, आमच्या घरातून सारखं टुमणं चाललंय, झावळ्या झावळ्या. मालक बांधत नाहीत वाटतं यंदा. मी बांधू का? आम्हाला यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगा."

कोणी मला 'तुम्ही सांगा' म्हणत नसे. मी सांगितले. म्हणालो, "तुम्ही कशाला बांधता? भिंत मालकाची. आज बांधलीत की वहिवाट झाली. उद्या भिंत खचली तर तीही तुम्हीच बांधायची असं निघेल."

"म्हणजे हात लावू नये?"

"हात लावू नये. थोडी कळ काढा. बाबा बांधतील."

"पण तुम्ही मालकांचेच चिरंजीव, आणि आमच्या बाजूनं सांगता?" ते म्हणाले. त्यांचा ऊर भरून आला होता. "फार उपकार झाले."

मी त्यांच्या बाजूने सांगत नव्हतो. तीर्थरूपांच्या बाजूनेही नाही. ज्याने विचारले त्याला शहाणपणाचे काहीतरी द्यावे आणि त्याने माझ्याकडे त्या नजरेने बघावे, एवढेच मला हवे होते. दोन्ही सल्ले एकाच भिंतीचे आहेत, हे मला कळत नव्हते असे नाही. दोघांपैकी कोणीतरी आधी कंटाळेल आणि बांधून टाकील, असे मी धरून चाललो होतो.

कोणी कंटाळले नाही. दोघेही सज्जन होते, आणि सज्जन माणसाला एकदा वाटले की आपल्याला फसवू पाहताहेत, की तो जागचा हलत नाही. तीर्थरूप येता-जाता भिंतीकडे बघत आणि मोठ्याने म्हणत, "बघू या, कोण पुढे होतो." मागल्या दाराने मालधक्क्याचे गृहस्थ म्हणत, "आम्ही काय कायदा जाणत नाही थोडाच?" झावळ्या विहिरीपाशी कुजू लागल्या.

पुढल्या शनिवारी मी आलो तेव्हा पाऊस सुरू होऊन गेला होता. वहिनी मधल्या दारात उभ्या होत्या. थट्टा नाही, काही नाही.

"भावजी, तेवढ्या झावळ्या बांधायला सांगा हो मामंजींना." तीर्थरूपांना त्या मामंजी म्हणत. "माझं सगळं त्या भिंतीशी आहे. चूल तिथे, पाटा-वरवंटा तिथे. हात लावला की हाताला माती येते."

"बघतो," मी म्हणालो.

"बघता काय? तुमचा शब्द मानतात ते हल्ली, ऐकलंय मी."

"बघतो म्हटलं ना, वहिनी."

मी तीर्थरूपांशी बोललो नाही. काय बोलणार होतो? आठ दिवसांपूर्वी माझ्यामुळे ते चार लोकांत ताठ बसले होते.

तेव्हा वहिनींनी स्वतःच झावळ्या बांधल्या. विहिरीपाशी पडलेल्यांतल्या बऱ्या निवडून, पदर खोचून, पाटावर चढून. आमचा गडी बघत राहिला. मालकाने नको म्हटले होते, त्यामुळे त्याने हात लावला नाही. बाईच्या हाताचे ते काम, एकच टोक वळचणीच्या वाशापर्यंत पोचले होते, दुसऱ्या बाजूला ते खाली कलले होते, पण भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागाला पुरेसे होते. मी तेव्हा ओट्यावरच होतो.

धक्क्यावरून गृहस्थ आले. छत्री मिटली आणि झावळ्या पाहिल्या.

"हे कुणी केलं?"

आतून वहिनी म्हणाल्या, "मी."

"तुला सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून? आता भिंतच गळ्यात घेतेस का?"

"भिंत गळ्यात पडण्यापेक्षा झावळ्या बऱ्या," त्या म्हणाल्या. त्या अशाच बोलत, थट्टेत म्हणा, रागात म्हणा. तेव्हा कोणाच्या अंगावर काटा आला नाही.

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले. खात्री करून घेतात तसे. मी मान हलवली की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. नाही म्हणून मान हलवली नाही, एवढे नक्की. त्यांनी एका टोकाची सुतळी सोडली. दुसरे टोक कौलाच्या वाशाला होते, त्यांचा हात पोचेना. मी उंच. मी ओट्यावरून उतरलो, आणि ते टोक मी सोडले. झावळ्या चिखलात पडल्या. "ओल्या आहेत, वाळल्या की न्हाणीत घाला," गृहस्थ म्हणाले, आणि मी त्या ओढत गोठ्यात नेऊन टाकल्या. वहिनी दारात उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलेच नाही. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या.

पुढे श्रावण आला. आमच्याकडे श्रावणात शुक्रवारी जिवतीची पूजा असते. गंधाने भिंतीवर जिवती काढतात, मांडीवर मूल, अंगाखांद्यावर मुले, आणि बायका लेकराबाळांसाठी तिला हात जोडतात. वहिनींनी ती चुलीजवळ काढली होती. दुसऱ्या भिंतीवर कोनाडे होते, जागा नव्हती. मधल्या दारातून प्रसाद देताना त्या म्हणाल्या, "बघा हो, पहिल्या शुक्रवारी काढलेलं गंध अजून वाळलं नाही. बाई आमच्याकडची पोरं घेऊन वाहून चालल्या." मी बघायला आत गेलो नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी भिंत पडली. दुपारी. मी त्या दिवशी तापाच्या निमित्ताने घरी होतो. फार मोठा आवाज झाला नाही. पोते उतरवल्यासारखा. पुरणाची डाळ पाट्यावर वाटत वहिनी भिंतीला पाठ करून बसल्या होत्या. भिंत वरून सुटली नाही, खालून बसली आणि आत कलंडली. आम्ही चौघा-पाचांनी हातांनी माती काढली. ती इतकी ओली होती की पोळीच्या कणकेसारखी हाताला चिकटे. वहिनी बोलत होत्या सारख्या. "डाळ गेली. अहो, डाळ गेली सगळी," एवढेच. कमरेखाली काय झाले होते ते त्यांना कळले नव्हते.

वैदू झाला, हाडे बसवणारा झाला, सरकारी डाक्तर झाला. त्या जगल्या. उभ्या मात्र पुन्हा राहिल्या नाहीत.

आता पुढचे सांगायला मला लाज वाटते, पण ते तसेच झाले. भिंतीचा ढिगारा त्या खोलीत पडून होता. पाऊस थेट चुलीवर येत होता. वहिनींना आमच्या माजघरात आणून निजवले होते. आणि तीर्थरूप व मालधक्क्याचे गृहस्थ त्या ढिगाऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहून, ही माती उचलायची कुणी, यावर बोलत होते.

"भिंत तुमची," गृहस्थ म्हणाले.

"भिंत माझी होती. आता ती भिंत नाही, माती आहे. आणि माती पडली आहे तुमच्या जमिनीवर. जमीन बिऱ्हाडाची."

"माझी बायको मोडली हो तुमच्या भिंतीनं!"

"माझी भिंत गेली. मी काय हसतो आहे का?"

तीर्थरूपांचे डोळे पाण्याने भरले होते. ते निर्दय नव्हते. आदल्या रात्रभर ते वहिनींच्या उशाशी बसले होते. पण ते दोघेही आता अशा ठिकाणी आले होते की जो वाकेल तो आपल्यामुळे झाले असे कबूल करील, आणि तसे तर दोघांपैकी कोणामुळेच झाले नव्हते. शेवटी दोघेही माझ्याकडे वळले. "तू सांग," तीर्थरूप म्हणाले. "हो, तुम्हीच सांगा," गृहस्थ म्हणाले.

त्या वेळी सांगायला हवे होते. दोघे समोर होते, जिच्यावरून अडून बसले होते ती भिंतही गेली होती. मी म्हणालो, "अर्धी अर्धी उचला."

दोघांनाही ते पटले. फार समजूतदार निवाडा झाला असे आळीत म्हणाले. गड्याने आणि धक्क्यावरच्या हमालाने मिळून माती बाहेर टाकली.

वहिनींना भाऊबीजेनंतर त्यांचे भाऊ खडवलीला घेऊन गेले. जायच्या आधी त्या आमच्या माजघरात एकट्या होत्या आणि मी दिवा लावायला गेलो होतो. त्यांनी मला हाक मारली.

"भावजी, एक विचारू? तिकडच्या स्वारीला हे हात लावू नका म्हणून कुणी सांगितलं हो? ते देशावरचं माणूस. वहिवाट-बिहिवाट त्यांच्या डोक्यातली नव्हे."

मी वात सारखी करीत राहिलो. "हल्ली सगळेच बोलतात तसं," म्हणालो. "धक्क्यावर ऐकलं असेल."

"मग त्यांच्याच मनातलं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कुणी भरवलं असेल तर तेवढाच माझ्या मनातला राग जाईल." मग थोड्या वेळाने, "भिंत बांधलीत की निरोप धाडा. बघायची आहे मला."

भिंत तीर्थरूपांनी उन्हाळ्यात बांधली, भाजलेल्या विटांची, चुन्यात. तिला झावळ्या लागत नाहीत. मी निरोप धाडला नाही. गृहस्थांची बदली भुसावळाकडे झाली आणि पुढे कळले की त्यांनी दुसरे लग्न केले. आळीत कोणाला त्यात वावगे वाटले नाही. तीर्थरूप मागून पुष्कळ वर्षांनी गेले. जाण्याच्या आधी वातात बडबडत, त्यात एकदा म्हणाले, "त्या पोरीला म्हणावं, यंदा बांधतो." तेव्हा खोलीत मी एकटाच होतो.

घर माझ्याकडे आले. मी बिऱ्हाडकरू ठेवतो. सगळे लिहून घेतो, मोरी कोणाची, कौले कोणाची, भिंतीला आतून कोण, बाहेरून कोण. लोक म्हणतात, तुमच्यासारखा चोख घरवाला नाही. गेल्या साली प्लेगासाठी सरकारी माणसे आली, त्यांनी उजेडासाठी कौले काढली आणि बिऱ्हाडकरूने मला विचारले, "ही पुन्हा बसवायची कुणी?" मी शिडी लावली आणि स्वतः वर चढलो. दोन-चार कौले बसवली, हात कापले, खाली आलो. त्याने काय होणार होते? पण त्यानंतर मला घरात बसवेना. ज्येष्ठ संपत आला होता. मी खडवलीला गेलो.

वहिनींच्या भावांचे घर गावाच्या टोकाला. दोघे भाऊ वाटणी करून राहिलेले, मधून कूड घातलेला. वहिनी मागल्या पडवीत होत्या. डोक्यावरचे केस पांढरे, कपाळाला कुंकू. नवरा भुसावळला दुसरीबरोबर नांदत होता, तेव्हा कुंकू लावायचेच. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला.

"भावजी ना? अगंबाई, जाड झालात! मामंजी गेले ते ऐकलं. बसा, त्या पाटावर बसा, खाली ओल आहे."

मी बसलो आणि सांगितले. इकडचे तिकडचे काही न बोलता. पारनाक्यावर काय बोललो, विहिरीपाशी काय बोललो. दोन्हीकडे मीच. दुसऱ्या टोकाची सुतळी मी सोडली हे त्यांनी पाहिलेच होते, तरी तेही सांगितले.

बाहेर धाकट्या भावाची बायको कोंबडी हाकीत होती.

"म्हणजे त्यांच्या मनातलं नव्हतं," वहिनी शेवटी म्हणाल्या.

"नाही."

"ते न्यायला आले होते मला. भुसावळला बदली झाल्यावर. याच पडवीत उभे राहिले, म्हणाले, चल, बसल्या जागी कर जेवढं होईल तेवढं, माणूस ठेवू. मी म्हटलं, तुम्हाला भिंतीपेक्षा मी स्वस्त वाटले, तुमच्या घरी येत नाही. फार लागट बोलले मी. ते रडले आणि परत गेले. मग त्यांनी ते केलं." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मी विचारलं होतं तुम्हाला, भावजी. दिवा लावत होतात तुम्ही."

"हो."

"तेव्हा सांगितलं असतंत तर मी गेले असते."

मी माफी मागायला गेलो होतो. ती मागण्यासारखी जागाच उरली नाही. मी जे घेऊन गेलो होतो त्याने त्यांचे ओझे हलके झाले नाही, उलट इतकी वर्षे ज्या एका रागावर त्यांनी पाठ टेकली होती तो मी काढून घेतला. आता राग करायलाही त्यांच्याजवळ नवरा राहिला नाही.

काहीतरी करावे म्हणून मी उठलो. त्यांच्या अंथरुणालगत जी भिंत होती तिला हात लावला. हाताला माती आली. बाहेर, दोन्ही वाटण्यांच्या मधोमध, झावळ्यांचा ढीग पडला होता, विणलेला, बांधायचा राहिलेला.

"वहिनी, या मी बांधतो. आत्ताच बांधतो."

"नका."

"मला एवढं तरी—"

"नका हो, भावजी. तुम्ही बांधून जाल. मग पुढच्या साली थोरला म्हणेल, परक्या माणसानं बांधल्या, आमचा काय संबंध. धाकटा म्हणेल, तुझ्या बाजूनं बांधल्या होत्या. त्या भांडणात मला इथूनही उचलतील. आता या दोघांतलं कुणीतरी कंटाळून बांधील. मागच्या साली आषाढात बांधल्या होत्या."

तेवढ्यात थोरला भाऊ शेतावरून आला. घोंगडी खुंटीला लावली, मला राम राम केला, बहिणीने मी कोण ते सांगितले.

"कल्याणचे? कोर्टकचेरीतले ना तुम्ही?" तो आनंदला. "बरे आलात. ही भिंत बघा. वाटणी झाली तेव्हा पडवी आईच्या नावानं ठेवली होती, आई गेली. आता भिंत कुणाची म्हणायची? तुम्ही सांगा."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणालो, "तुमची. तुम्हीच बांधा झावळ्या. आज बांधा."

तो हसला. चांगला मोकळा माणूस होता. "वा! आणि धाकट्यानं विचारलं तर त्याला सांगाल, तुझी नाही, त्याची. वकील लोक तुम्ही, दोन्हीकडून बोलायची तुम्हाला सवय!" असे म्हणून पाय धुवायला विहिरीकडे गेला.

वहिनी हसल्या नाहीत. दोन्ही हातांनी त्यांनी आपली वाकळ भिंतीपासून जराशी आत ओढून घेतली. पडवी अरुंद होती. त्याहून आत सरकायला जागा नव्हती. मी छत्री उचलली आणि त्या झावळ्यांच्या ढिगावरून ओलांडून बाहेर पडलो.